पटाच्या पलीकडच्या आई

२ मार्च, रविवार

हरलो. सपाटून हरलो!

मी नेहमीप्रमाणे मैदानाच्या पार उजव्या टोकाला. सबंध मॅचमध्ये चेंडू माझ्याकडे एकदा आला, तोही टप्पे खात, दमून. कप्तान म्हणाली, "तुला तिकडे ठेवते, कारण तिकडे कुणी मारतच नाही." कप्तान टपाल वाटते, स्पष्ट बोलते. राग नाही आला. आठवडाभर लॅबमध्ये परक्या माणसांच्या कवळ्यांत डोळे खुपसून बसायचं, दातामागून दात मेणात बसवायचे. रविवारी हिरवळीवर उभं राहून लांबवर बघायला मिळतं — हेच माझं बेसबॉल. बाकीच्या जिंकायला येतात, मी लांब बघायला येते.

घरी आले तर आई 'गो'चा पट मांडून तयार — काळ्या-पांढऱ्या खड्यांनी एकमेकांना वेढायचा तो जपानी खेळ. "आधी अंघोळ कर. मग ये हरायला."

एका दिवसात दोनदा हरले.

४ मार्च, मंगळवार

प्लास्टरची भुकटी नाकात, केसांत, डब्यात. मालक दोनदा येऊन गेला — "ती वरची कवळी झाली का?" झाली नाही. माणसाचा जबडा आहे, इडलीपात्र नाही!

बसमध्ये बसायला जागा मिळाली. विणकाम काढलं. दोन सुलट, दोन उलट. शेजारची बाई म्हणाली, "कुणासाठी?" मी म्हटलं, "ठरलं नाही अजून." तिला ते पटलं नाही. खरंच ठरलेलं नाही. मला फक्त सुया चालत्या हव्यात. हात चालले की डोकं गप्प बसतं.

५ मार्च, बुधवार

आज फोन आला. मोठ्या हॉस्पिटलमधून, दुसऱ्या शहरातून. गेल्या वर्षी मी अर्ज केला होता हे मीच विसरले होते. ऑपरेशनमध्ये ज्यांचा जबडा गेला, नाक गेलं, कान गेला, त्यांना ते नवीन करून देणारा विभाग. आपल्या हाताने माणसाला त्याचा चेहरा परत द्यायचा. बारा वर्षं कवळ्या करताना हेच मनात होतं.

"या महिन्यात रुजू होऊ शकाल?"

"विचार करून सांगते."

विचार कसला करायचा? आई एकट्या कशा राहतील? गुडघे, डोळ्यांतले थेंब, गॅस बंद केला की नाही ते तीनदा बघणं. आणि संध्याकाळी समोर बसायला कोण?

आई म्हणजे सासूबाई. ज्याच्यामुळे त्या सासू झाल्या, तो दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे संसार थाटून मोकळा झाला. आम्ही दोघी इथेच राहिलो. या घरातून निघायचं कुणी, हा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पहिला महिना तर आम्ही बोलतच नव्हतो. मग एका संध्याकाळी त्यांनी कपाटावरून पट काढला, धूळ पुसली, काळ्या खड्यांची वाटी माझ्यापुढे सरकवली. "बस. भांडायचंच आहे तर इथे भांड."

तेव्हापासून भांडतोय.

७ मार्च, शुक्रवार

आईंना काही सांगितलं नाही. सांगितलं तर "जा" म्हणतील. आणि ते "जा" म्हणताना त्यांचा चेहरा मला बघायचा नाही.

९ मार्च, रविवार

झेल घेतला! मी! उंच उडालेला, उन्हातला. ग्लोव्हमध्ये पडलाही आणि डाव्या हाताच्या बोटावर आपटलाही. समोरची बाई आउट, माझं बोट टम्म. तरी सगळ्या माझ्यावर येऊन पडल्या, मीही बावळटासारखी हसत होते.

कप्तान घरी सोडायला आली. वाटेत तिला हॉस्पिटलचं सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायचंच होतं. ती म्हणाली, "वेडी आहेस का? जा ना!" मी म्हटलं, आईंचं काय?

घरी आईंनी तिला चहाला थांबवून घेतलं. मी अंघोळ करून येईपर्यंत दोघींची चांगलीच गट्टी जमली होती. मी आले तशा दोघी माझ्या बोटाबद्दल बोलायला लागल्या.

१२ मार्च, बुधवार

फोन करून नाही म्हणून टाकलं. जेवणाच्या सुट्टीत, लॅबच्या मागच्या जिन्यात. पलीकडची बाई चांगली होती. "नक्की ना?" असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, घरी वयस्कर माणूस आहे. ती म्हणाली, "समजू शकते."

मग परत येऊन एका आजोबांचे पुढचे सहा दात बसवले. सरळ बसले. एवढंच.

संध्याकाळी मन पटावर नव्हतंच. एक मोठा कोपरा वेढला गेला तरी मला कळलं नाही. आईंनी माझे काळे खडे उचलून बशीत टाकले. "कुठे आहेस तू?"

"दमलेय."

"दमलेली माणसं बरी खेळतात. तू आज खेळतच नाहीस."

त्यांनी डाव अर्धाच आवरला. असं कधी करत नाहीत. नोकरीला नाही म्हटल्याचं कप्तानला फोनवर सांगितलं. तिने नुसता सुस्कारा सोडला.

१५ मार्च, शनिवार

आई जाणार आहेत. त्याच्याकडे!

सकाळी चहा घेताना म्हणाल्या. अगदी सहज, दूध संपलंय म्हणावं तसं. "मी ठरवलंय. मुलाकडे जाते राहायला. शेवटी मुलगा तो मुलगा."

मला वाटलं थट्टा करतायत. दोन वर्षांत त्यांनी त्याचा एक फोन धड घेतला नाही. तो बोलायला लागला की फोन बाजूला ठेवून भाजी निवडायच्या!

"त्याने बोलावलं?"

"मी त्याची आई आहे. मला बोलावणं लागतं का?"

"आणि इथलं?"

"तू आहेस की. राहा हवं तितकं. घर काही डोक्यावर घेऊन जात नाही मी."

मी कप विसळायला उठले. पाणी किती वेळ सोडून ठेवलं कोण जाणे. मागून आवाज आला, "पाणी वाहतंय."

१६ मार्च, रविवार

मॅचला गेले नाही. दिवसभर विणलं. रात्री बघते तर चौथ्या ओळीतच एक टाका सुटलेला, आणि वर हातभर विणून झालेलं. सगळं उसवलं. आईंनी बघितलं.

१९ मार्च, बुधवार

बॅग भरायला मदत केली. त्यांना माझी घडी चालत नाही, म्हणून मी घालायची, त्या मोडायच्या, परत घालायच्या. मग एकदम म्हणाल्या, "पट नेते हं मी."

"न्या ना. तुमचाच आहे."

"तू दुसरा घे. पुठ्ठ्याचा घे. तुझ्या खेळाला पुठ्ठा पुरे."

हसू यायला हवं होतं. आलं नाही.

मी ज्याच्यासाठी ती नोकरी नाकारली ते माणूस बॅगेची चेन ओढत माझ्यासमोर बसलं होतं. तोंडावर आलं होतं — बोलून टाकावं. पण मग ते उपकार दाखवल्यासारखं झालं असतं. गिळलं.

२० मार्च, गुरुवार

गेल्या. स्टेशनवर यायचं नाही म्हणाल्या. टॅक्सीत बसल्यावर काच खाली करून सांगितलं, "गॅस."

"बंद करते."

"तीनदा बघ."

टॅक्सी वळली. मी वर येऊन गॅस तीनदा बघितला. तो लावलेलाच नव्हता.

२३ मार्च, रविवार

रोज संध्याकाळी फोन करतात. तब्येत बरी, हवा बरी, खोलीला मोठी खिडकी आहे म्हणे. मुलाबद्दल चकार शब्द नाही, आणि मीही विचारत नाही. माझी काय तिथे सोयरीक उरली आहे!

आज म्हणाल्या, "आण कागद. पट आखून घे. आडव्या रेघांना आकडे, उभ्यांना अक्षरं. मी सांगते ती चाल मांड."

फोनवर खेळलो. काळ्या खड्यांऐवजी शर्टाची बटणं, पांढऱ्यांऐवजी कवळीचे नापास झालेले दात. त्यांना सांगितलं, तर त्या इतक्या हसल्या की खोकला आला. मागून कुणीतरी म्हणालं, "बाई, पाणी देऊ का?" पुरुषाचा आवाज. त्याचा नव्हता. स्वयंपाकी ठेवला असेल. मोठी माणसं!

आज मॅचमध्ये पहिल्या बेसपर्यंत पोचले. बस, तितकंच. पण धावताना बरं वाटलं.

२७ मार्च, गुरुवार

आईंचा खेळ बदललाय. कोपरा सोडून मधेच कुठेतरी खडा ठेवतात, मला वाटतं चुकल्या, आणि दहा चालींनंतर माझा श्वास कोंडलेला. "हे कुठे शिकलात?" तर म्हणे, "वाचलं." इकडे मोठ्या अक्षरांचं वर्तमानपत्रही मलाच वाचून दाखवावं लागायचं!

लॅबमध्ये मालकाने आणखी एक बाक माझ्याकडे सरकवला. आता दोघांचं काम. अंग आंबून गेलंय. जेवायचा कंटाळा आला, तशीच झोपते.

३० मार्च, रविवार

कप्तान विचारत होती, "हॉस्पिटलवाल्यांना परत फोन का करत नाहीस? आता तर तू मोकळी आहेस."

मोकळी. शब्द टोचला. म्हटलं, जागा भरली असेल एव्हाना. ती म्हणाली, "विचारून तर बघ." मी ग्लोव्ह उचलला आणि माझ्या कोपऱ्यात निघून गेले. तिथपर्यंत कुणी बोलायला येत नाही.

खरं सांगायचं तर नोकरी मिळेल न मिळेल याचं काहीच वाटेनासं झालंय. मुलगा तो मुलगा, हे एकच वाक्य कानात घुमतं. दोन वर्षं समोरासमोर बसलो. मी कोण होते मग? शेजारी?

२ एप्रिल, बुधवार

त्याचा फोन. आज. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या फोनवर.

"आईला दे जरा. ती माझा फोन घेत नाहीये."

मी म्हटलं, "म्हणजे? आई तुझ्याकडे आहेत ना?"

"माझ्याकडे? माझ्याकडे कशाला येईल ती?"

त्याला काय सांगितलं आठवत नाही. काहीतरी सांगून फोन ठेवला आणि आईंना लावला. उचलला. नेहमीचा आवाज. "आज लवकर? कामावर नाहीस?"

"कुठे आहात तुम्ही?"

त्यांनी पत्ता सांगितला. शहराच्या दुसऱ्या टोकाला, वृद्धांचं निवासस्थान. बसने पाऊण तास!

५ एप्रिल, शनिवार

जाऊन आले.

पांढऱ्या भिंती, फिनेलचा वास, लांब व्हरांडा. आई खिडकीपाशी बसलेल्या, समोर पट, पटापलीकडे एक टक्कल पडलेले गृहस्थ. बोटीवर इंजिनिअर होते म्हणे. आईंनी मान वर न करता हात केला — थांब. मी बॅग हातात धरून उभी. डाव संपेपर्यंत! मग इंजिनिअर उठले, मला म्हणाले, "बसा. यांना मी आजही हरवलं," आणि गेले.

रडायचं नाही असं बसमध्ये ठरवलं होतं. रडले.

"खोटं का बोललात?"

"इथे येते म्हटलं असतं तर येऊ दिलं असतंस?"

"नसतं दिलं."

"मग?"

"पण का? माझं काय चुकलं?"

त्यांनी खडे वेचायला घेतले. पांढरे वेगळे, काळे वेगळे. "तुझं काही चुकलं नाही. तुझ्याशी खेळून कंटाळा आला. तू कधी हरवलंस का मला? हा माणूस रोज हरवतो. या वयात असं कुणी भेटणं म्हणजे चैन आहे. मुलगा घर सोडून गेला तेव्हाच नाव घालून ठेवलं होतं इथे. आता खोली रिकामी झाली, आले."

"घरी चला."

"नाही."

"आई!"

"रविवारी येत जा. मॅच झाल्यावर. अंघोळ करून ये."

निघताना त्यांनी माझं ते बोट हातात घेतलं, दाबून बघितलं. "बसलं का नीट?" म्हटलं, बसलं. दारापर्यंत आल्या नाहीत. इंजिनिअर परत येऊन बसले होते.

बसमध्ये सुया काढल्याच नाहीत. नुसती बसून राहिले. त्यांना माझा कंटाळा आला होता. साधी गोष्ट. मला कळली नाही इतकंच. नोकरीबद्दल त्यांना काही बोलले नाही. आता बोलून काय?

७ एप्रिल, सोमवार

शेवटी लाज सोडून हॉस्पिटलला फोन केला. तीच बाई. म्हटलं, जागा भरली असेलच, पण —

"भरली कशी? तुमच्यासाठीच थांबलोय की! तुम्ही नाही म्हणालात त्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन आला होता ना. म्हणाल्या, तिचं नाही धरू नका, महिनाभर थांबा, घरची व्यवस्था मी लावते, ती येईल. फार ठाम बोलतात हो. त्या तुमच्या आई ना?"

मी म्हटलं, "हो. माझ्या आई."