उजव्या हाताची गाठ

उर्बानोमामा,

आशीर्वाद द्या. (फोनवर मागितला की तुम्ही "देव तुझं भलं करो, खेळवलं का आज?" असं एका दमात म्हणता. म्हणून पत्र लिहितोय. पत्रात निदान देवाचं नाव घेऊन झाल्यावर श्वास घ्यायला जागा असते.) गुडघा कसा आहे? आईचा रक्तदाब? आपल्या बानी गावात आंबे सुरू झाले असतील आणि चिंचेखाली तुम्ही डॉमिनोच्या सोंगट्या अजून तशाच आपटत असाल. योकास्तानं आमच्या मुलाचा, आन्येलोचा, फोटो पाठवला. सहा वर्षांचं लेकरू डाव्या हातानं उकडून कुस्करलेल्या केळ्यांचा मांगू खातंय, अर्धा मांगू छातीवर, आणि उजवा हात तुमच्या पायमोज्यात घालून कमरेशी बांधलेला. करडा मोजा ओळखला मी. माझा हातही त्यातच असायचा. बघून काय वाटलं ते पुढे लिहितो, आधी माझी खुशाली.

मी मजेत आहे. बेसबॉल क्लबानं काल मला काढून टाकलं. (आईला गोळी घेतल्यावरच सांगा.)

तुमचं गणित सरळ होतं. "उजव्या हातानं चेंडू टाकणारे पिचर पैशाला पासरी. डावखुऱ्यासाठी गोरे लोक विमान पाठवतात." म्हणून बांधलात माझा हात. मी डाव्या हातानं क्रूस काढला तेव्हा फादरनी थोबाडीत मारली आणि तुम्ही त्यांनाच सुनावलंत, "फादर, पोराचा धंदा आहे, मध्ये पडू नका!" आणि खरंच विमान आलं. तुमचा शब्द खोटा ठरला नाही, हे मी सगळ्यांना सांगतो. पण ते विमान आपल्याला नेतंय कशासाठी, हे ना तुम्ही विचारलंत ना मी.

तर मामा, मला नेलं एका माणसासाठी. समोरच्यांचा डावखुरा फलंदाज आला की त्याच्यापुरतं मला मैदानात सोडायचं, तो बाद झाला की चेंडू काढून घ्यायचा. बाकी वेळ कुंपणामागच्या बाकावर बसायचं. तिथला फोन वाजला की उठायचं, चेंडू टाकून हात तापवायचा, मग मॅनेजरचं मन बदलतं, "बस खाली." पुन्हा फोन, पुन्हा ऊठ, पुन्हा बस. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. तापवताना टाकलेले चेंडू कुठेच लिहीत नाहीत. खांदा मात्र सगळे लिहून ठेवतो.

मोठ्या लीगमधला तो आठवडा तुम्ही कसे विसराल! कोपऱ्यावरच्या दुकानदारानं टीव्ही रस्त्यावर आणला होता, तुम्ही बोकड कापला होता. आणि गावाला काय दिसलं? माझी पाठ. रोज उठलो, रोज तापलो, रोज बसलो. मग परत खालच्या लीगमध्ये. कागदोपत्री मी तिथे खेळलोच नाही. गल्लीत मला अजून 'शिळा भात' म्हणतात ना? रोज गरम करायचा, खायचा कुणी नाही. (नाव तुम्हीच ठेवलंत असं योकास्ता म्हणते. मी म्हटलं, मामा असं करणार नाहीत. मामाच असं करतील, हे मला ठाऊक आहे.)

एवढ्यावरही माझं पोट भरत होतं. पण तेवढ्यात वरच्या साहेबांना वाटलं, सामने फार लांबतात, लोक जांभया देतात. त्यांनी नियम काढला: पिचर मैदानात आला की तीन फलंदाजांना टाकल्याशिवाय त्याला काढायचं नाही. डाव संपला किंवा त्याला दुखापत झाली तरच सुटका. म्हणजे माझा एक डावखुरा, आणि त्याच्यामागून दोन उजवे, आयते. उजव्या फलंदाजांना माझा चेंडू कसा दिसतो माहीत आहे? ताटात वाढलेला.

तरी कुठे ना कुठे चिकटून राहिलो. आता टेक्सासमधल्या एका गावात होतो. (नाव तुम्हाला उच्चारता येणार नाही, मलाही येत नाही.) रविवारी मला आत पाठवलं. डावखुऱ्याला मी उभ्याउभ्या बाद केलं. पुढचा उजवा होता, त्यानं चेंडू कुंपणाबाहेर आमच्याच मॅनेजरच्या गाडीवर घातला. तिसराही उजवा. बॅट फिरवत माझ्याकडे बघून हसला. मॅनेजर डॉयलना मला काढता येईना आणि मला पळता येईना. तेव्हा माझं डोकंच फिरलं मामा. हातमोजा काढून जमिनीवर ठेवला आणि चेंडू उजव्या हातात घेतला.

पंच म्हणाला, "हे काय आता?"

मी म्हटलं, "हाही माझाच हात आहे."

डॉयल धावत आले. "रादामेस, हात दुखतोय म्हण! म्हण ना बाबा, म्हणजे तुला काढता येईल!" आयुष्यभर हात दुखत होता तेव्हा मी "नाही दुखत" म्हणत आलो, नाहीतर घरी पाठवलं असतं. त्या क्षणी पहिल्यांदा खरंच दुखत नव्हता, तर हे म्हणतात, दुखतोय म्हण! मी म्हटलं, "नाही दुखत."

पहिला चेंडू जाळीवरून मक्याची कणसं विकणाऱ्याकडे गेला. दुसरा सरळ गेला. संथ, पण अगदी मधोमध. फलंदाज आ वासून बघतच राहिला. स्ट्राइक! लोक उभे राहिले. बाकीचे कुठे गेले ते विचारू नका. चार चेंडू भरकटले की पहिला बेस फुकट, म्हणून फलंदाज चालत तिथे गेला आणि मी चालत घरी.

पण तो एक चेंडू, मामा. खांदा आपोआप फिरला, कुठे काही अडलं नाही, कुणी शिकवल्यासारखं वाटलंच नाही. मैदानात उभा राहून रडलो मी. तुमचा इतका राग आला की तुम्ही समोर असतात तर दोन्ही हातांनी गळा धरला असता. मग आठवलं, बाप गेल्यावर आम्हाला तुम्हीच खाऊ घातलंत. म्हणून पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद मागितलाय. शेवटी मागवत नाही.

तुमचा (आणि तुम्हीच घडवलेला) डावखुरा,
रादामेस

ता.क. आन्येलोचा हात सोडा. हे पत्र वाचून होताच, आजच. मोजा जाळून टाका. विनंती म्हणा, धमकी म्हणा, तुमची मर्जी.

ता.क. २. आत्ताच मेक्सिकोहून फोन आला. तिथल्या एका क्लबाला माणूस हवाय. मी कोण, कसा खेळतो, काही विचारलं नाही. "डावखुराच ना?" एवढंच विचारलं. उद्या निघतोय.

ता.क. ३. मोजा जाळण्याआधी फक्त एकदा आन्येलोला डाव्या हातानं टाकायला लावा आणि बघून ठेवा, चांगल्या पिचरचा पडतो तसा चेंडू शेवटी एकदम खाली पडतो का? लगेच कळवा. योकास्ताला सांगू नका.