सहाचा फोन

३ नोव्हेंबर, सोमवार

यवतच्या दातांच्या दवाखान्यात आज रुजू झाले. शिरूरच्या हॉस्पिटलात चार वर्षं रात्रपाळ्या केल्या, आता दहा ते पाच! आई म्हणाली, आता तरी माणसासारखी जेवशील. दवाखाना हायवेलगत, खुर्ची नवीकोरी, डॉक्टर मिठ्ठास बोलणारे. सुवर्णाताई इथल्या जुन्या मदतनीस. माझा सुजलेला गाल बघून म्हणाल्या, "अक्कलदाढ हाय व्हय? मंग बरोबर जागी आलीस." हसताना दाढ ठणकली, तरी हसले.

५ नोव्हेंबर

इथली पद्धत कळली. दाढ अवघड असली की डॉक्टर शिरेतून मॉर्फिन देतात. दाढ निघाली की ते उतरवायला दुसरं इंजेक्शन. सुवर्णाताई त्याला 'उठवणी' म्हणतात. माणूस खाडकन डोळे उघडतो आणि चार वीसची एसटी गाठतो. गावोगावचे पेशंट त्यासाठीच येतात. दुखत नाही आणि गाडीही चुकत नाही.

मला हे पटलं नाही. आमच्या वॉर्डात उठवणी दिलेल्याला निदान दोन तास नजरेआड करत नसत. तिचा जोर तासाभरात ओसरतो, मॉर्फिन मात्र अंगात असतंच, आणि श्वास पुन्हा मंदावतो. डॉक्टरांना तसं सांगितलं. हसून म्हणाले, सिस्टर, हा दवाखाना आहे, आयसीयू नव्हे.

१० नोव्हेंबर

आज भांडगावच्या सावळाराम आबांची दाढ काढली. श्वास फारच मंद झाले होते. उठवणी दिली, आबा उठले. मीच त्यांना हाताला धरून गाडीत बसवलं.

परत येऊन नोंदवही मिटत होते, तर आबांच्या नावापुढे डॉक्टरांच्या अक्षरात: सायंकाळी सहा वाजता फोन केला, रुग्ण ठीक.

घड्याळात साडेचार वाजले होते.

मागची पानं चाळली. प्रत्येक नावापुढे तेच वाक्य.

१२ नोव्हेंबर

आबा त्याच संध्याकाळी गेले. सुवर्णाताईंनी दबक्या आवाजात सांगितलं. घरी येऊन पडले नि घोरायला लागले. त्यांच्या बायकोनं, दगडाबाईंनी, अंगावर गोधडी टाकली, नातवंडांना गप्प केलं. "घोरतंय म्हंजी गाढ झोपलंय, असंच वाटलं की गं समद्यांला." सहाला चहा घेऊन गेल्या, तर ओठ निळे.

ते घोरणं नव्हतं. घसा मिटत होता. आणि हे ठाऊक असून मी त्यांना गाडीत बसवलं. स्वतःची लाज वाटते.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं. मी म्हटलं, वही दगडाबाईंना दाखवीन. त्यांनी शांतपणे दोन चहा मागवले. मी घेतला नाही.

१४ नोव्हेंबर

वही कपाटात गेली, किल्ली डॉक्टरांच्या खिशात. माझा गाल टम्म, अंगात ताप. दाढ दाखवायला शिरूरला गेले तर वही हातची जाईल. डॉक्टर फारच मायेने वागताहेत. दाढ फुकट काढतो म्हणतात. मी बजावलं, फक्त हिरडी बधिर करायची, झोप नको. लगेच कबूल झाले. इतक्या लगेच?

सुवर्णाताई नजरेला नजर देत नाहीत.

१५ नोव्हेंबर, दुपार

हाताला सुई लावताना अँटिबायोटिक म्हणाले होते. पुढचं आठवत नाही. खाडकन जाग आली. मागची खोली. तीन पंचावन्न. ट्रेमध्ये उठवणीची फोडलेली कुपी. म्हणजे मलाही मॉर्फिन दिलं होतं. तासाभरात माझा श्वास—

दाराला बाहेरून कडी. पाय उचलत नाहीत. तोंडातला बोळा काढला, पण आवाज फुटत नाही. मोबाइल एप्रनमध्ये, एप्रन बाहेर. पर्समध्ये ही डायरी तेवढी.

चार दहा. श्वास मोजतेय. मिनिटाला बारा.

उशाशी नोंदवही. मुद्दाम ठेवल्यासारखी, उघडी. शेवटची ओळ— सिस्टर स्वप्नाली. सायंकाळी सहा वाजता फोन केला, रुग्ण ठीक.

चार पस्तीस. नऊ. झोपायचं नाही. आई, मी झोपणार नाही—

सात. पेन सुटतंय—

कडी वाजली. सुवर्णाताई! दार किलकिलं— मी बघतेय त्यांच्याकडं— त्या मागं वळून डॉक्टरांना सांगताहेत, झोपू द्या, गाढ झोपलीय, घोरतीय बघा—

मी जागी आहे ताई— घोरणं मलापण ऐकू येतं— ते मा