शुक्रवार, सहाची पाळी

४ जानेवारी, फुएनगिरोला

पोचलो. उन्हाने डोळे उघडवत नाहीत. घर तीन महिन्यांसाठी भाड्याने घेतलंय. म्हातारपण इथे स्पेनमध्ये काढायचं की फिनलंडला, कुओपियोत आपल्या घरी, याचा फैसला मार्चअखेर. बायको, राइली, म्हणते, "मोकळ्या मनाने बघ, काउको." मन मोकळंच आहे माझं. उत्तर तेवढं ठरलेलं आहे.

७ जानेवारी

बत्तीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ काढायचं यंत्र चालवलं. इथे पहाटे उठून खिडकीतून बघतो — काढायला काही नाही! बायकोला सांगितलं. "मग कॉफी कर," म्हणाली.

१६ जानेवारी

इथे आपली माणसं इतकी, की दुकानात तिकडचा राय धान्याचा काळा पावसुद्धा मिळतो. कॉफीला जमतात. विषय — गुडघे, हवामान, परत गुडघे. एवढ्यासाठी विमानात बसायचं?

राइली मात्र रोज समुद्रात पोहते. जन्मभर शाळेच्या स्वयंपाकघरात डाव फिरवलेली बाई. मासेवाल्याशी हातवारे करून भांडते, आणि वर दोन मासे फुकट घेऊन येते.

२३ जानेवारी, शुक्रवार

हे फक्त इथेच लिहितो. तिकडे कुओपियोला आमच्या सोसायटीत सौना, म्हणजे घाम काढायची गरम वाफेची खोली, एकच, आणि प्रत्येक घराला आठवड्यातून एक तास. शुक्रवारची संध्याकाळी सहाची पाळी मिळायला आम्ही नऊ वर्षं थांबलो. आधीचे आजोबा गेले तेव्हा कुठे मिळाली. दोन महिन्यांहून जास्त बाहेर राहणाऱ्याने पाळी सोडायची, असा नियम आहे. निघताना राइलीने विचारलं, "सोडल्याची चिठ्ठी दिलीस ना?" दिली म्हणालो. दिली नाही! खालच्या मजल्यावरच्या ओइवाला सांगून आलोय — दर शुक्रवारी आमच्या पाळीला तू जाऊन बस, म्हणजे कोणाच्या लक्षात येणार नाही.

इथे पाच वाजलेत, म्हणजे तिकडे सहा. ओइवा माझ्या फळीवर घाम गाळत असेल. जीव जळतो.

२ फेब्रुवारी

राइली स्पॅनिशच्या वर्गाला जायला लागली. वय सदुसष्ट. वही, पेन्सिल, खोडरबर!

१४ फेब्रुवारी

भांडी घासताना गात होती. एक्केचाळीस वर्षांत हे कधी ऐकलं नव्हतं.

६ मार्च

घात झाला. ओइवा म्हणजे धुतल्या तांदळासारखा माणूस, त्याला कसलं हे काम सांगितलं मी! सोसायटीच्या सभेत हा गडी आपण होऊन उभा राहिला. "दर शुक्रवारी मी काउकोच्या पाळीला बसतोय. दोन महिने उलटले. आता मन खातं." सेक्रेटरीबाईंनी लगेच फोन केला. तोही मला नाही, राइलीला.

फोन ठेवून ती बाल्कनीत आली. "म्हणजे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं तुझं."

मी खुर्ची पुढे सरकवली. ती उभीच राहिली.

"आणि मी वेडी, रोज विचारत होते, कसं वाटतंय."

लाज वाटली. फार.

१० मार्च

आज सगळं सांगून टाकलं. मला बर्फ हवा. अंधार हवा. जिन्यात भेटलं की मान हलवून निघून जाणारे शेजारी हवेत. तिने शेवटपर्यंत ऐकलं. रागावली नाही. "मग जा घरी," म्हणाली. "तिकीट काढ."

जिंकलो! अशी बायको मिळायला भाग्य लागतं. दोन तिकिटं काढत होतो, तर म्हणाली, "माझं राहू दे सध्या." वर्ग संपायचा असेल तिचा.

१९ मार्च

राइलीने एक जागा दाखवली. तिसरा मजला, एकच खोली, पण समुद्र दिसतो. मी म्हटलं, दोघांना अडचण होईल.

"दोघांना कुठे," ती म्हणाली.