डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच

३ जून, सोमवार
चार महिन्यांनी लिहितोय, माफी असावी. कोणाची मागतोय कोण जाणे. कारण चष्मा.
धाकट्या बहिणीचा फोन. तिचा दीर कोर्टात गेलाय. म्हणतो, वहिनी दहा वर्षांपूर्वीच खोली सोडून गेली, आता परत घुसलीय. ती सलग तिथेच राहते असं कुणीतरी शपथेवर लिहून द्यायला हवं, नाहीतर खोली जाणार. शुक्रवारी तारीख. दादा, जमेल का रे, म्हणाली. जमेल का! सख्खा भाऊ आहे मी. वकील कशाला? सातवीपर्यंत अक्षर वर्गात पहिलं होतं.

४ जून
प्रतिज्ञापत्र तयार. अकरा पानं. पैकी चार दिराच्या स्वभावावर. न्यायाधीश हलणार.

५ जून
कोर्टाबाहेरच्या टायपिस्टबाई म्हणाल्या, आजोबा, हे प्रतिज्ञापत्र आहे, भाषण नाही. स्वतःला पक्कं माहीत असेल तेवढंच लिहा, खोटं निघालं तर तुरुंग. तुरुंग दोनदा म्हणाल्या. एकदा पुरे होतं.
दिराचा स्वभाव मला बायकोने सांगितलेला. चार पानं गेली. बाकीचं बहिणीने फोनवर सांगितलेलं. सहा गेली. उरलं एक. सुटसुटीत झालं.

६ जून
नोटरीने विचारलं, या दहा वर्षांत बहिणीला त्या खोलीत कधी पाहिलंत? म्हटलं, माझी बहीण आहे हो ती. ते म्हणाले, ते नातं झालं, पाहिलंत कधी?
भाचीच्या लग्नात मला मागच्या रांगेत बसवलं, तेव्हापासून गेलो नाही. बारा वर्षं झाली. तिने समजूत काढायला यायला हवं होतं. अंतर दोन बसथांब्यांचं. नोटरीला गुडघ्याचं कारण सांगितलं. त्यांनी शिक्का डबीत ठेवला.

७ जून, शुक्रवार
कोर्टात गेलो, तिला आधार म्हणून. प्रतिज्ञापत्र तिच्या दूधवाल्याने दिलं. अर्धं पान. बारा वर्षं रोज सकाळी याच दारात या बाईंच्या हातात दूध देतो, आजारी असल्या की पातेलं बाहेर ठेवतात. अक्षर माझ्याहून वाईट. दीर मात्र खाली बघत होता. आदेश मंगळवारी.
ती म्हणाली, दादा, चहाला ये ना. म्हटलं, बघू.

१२ जून
काल आदेश झाला असणार. फोन नाही. मी केला तर वाटेल, घाबरलोय. म्हणून पत्र लिहायला बसलो. पाकिटावर खोलीचा नंबर घालायचा होता. तो मला माहीत नाही.
तेव्हा इथेच लिहितो. अगं, खोली राहिली का? लवकर कळव.