मास्तरणीची कात्री

प्रिय बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल. तुमचा गुडघा काय म्हणतो?

माझ्या खोलीत राहणारी शिवणाची मास्तरीण तिच्या कात्रीला कुणाला बोट लावू द्यायची नाही. गेल्या महिन्यात तिने ती मला देऊनच टाकली. म्हणाली, "ठेव गं, मला आता कशाला लागतेय?" मी धसकले. विचारून मीच नको ते तिच्या डोक्यात भरवणार नाही ना, असंही वाटलं. तरी विचारलं, "जीव द्यायचं मनात आहे का?"

ती रडली. म्हणाली, "बरं झालं विचारलंस."

दोघी सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभागात गेलो. डॉक्टर म्हणाले, विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. औषध चालू आहे. गोळ्या माझ्या कपाटात असतात. आता ती पोटभर जेवते आणि माझ्या टाक्यांना नावं ठेवते.

बाबा, आई गेल्यापासून तुम्ही "आता काय उरलंय" म्हणता आणि मी विषय बदलते. फोनवर जीभ अडते, म्हणून लिहून विचारते: तुमच्याही मनात तसं येतं का? पत्र मिळताच फोन करा. कामावर असले तरी उचलेन, आणि विषय बदलणार नाही.

तुमचीच,
धाकटी