दगडावरची लग्नतारीख

ऑस्बर्ग, आयोवा
११ मे १९७४

चि. मर्ल यास, ताईचे अ. आ.

तुम्ही सगळे मजेत असाल. माझं मात्र कशात लक्ष नाही. हिवाळ्यात बाबा गेले तेव्हापासून त्यांच्या थडग्यावर लग्नाची तारीख कोरायचा आईचा हट्ट आहे, आणि तारीख विचारली की म्हणते, सत्तावीस साल होतं, पुढचं आठवत नाही. आपल्या काउंटीच्या कचेरीत नोंद नाही, शेजारच्या दोन्हींत नाही. परवा दगड पसंत करायला नदीपलीकडे विस्कॉन्सिनला गेले. पाथरवटाच्या दुकानासमोरच तिथली कचेरी. सहज आत शिरले, तर विवाहनोंदीच्या बुकात बाबांची सही, शेजारी आईची! सेव्हर हाउगेन, थोरा लिंडाल. तारीख ८ ऑक्टोबर १९३२. अरे, तेव्हा मी चार वर्षांची होते! आणि बाबांच्या नावापुढे ‘विधुर’ लिहिलंय.

आईला बोलले नाही. पाथरवटाला सांगते, तारखेची ओळ गाळ. नाहीतर चर्चमधल्या बायका दगडासमोर उभ्या राहून बोटांवर माझं वय मोजतील. तुझा होकार लगेच कळव. मुलांना पापा.

तुझी,
आर्डिसताई

डलूथ
१७ मे

ती. ताईस, मर्लचा सा. न.

पत्र वाचून आधी हसलोच. जन्मभर मला शिस्त शिकवलीस, आणि तुझं आगमनच असं बेशिस्त! मग जेवताना ते ‘विधुर’ आठवलं. कोण होती ती पहिली? बाबांनी कधी नावही काढलं नाही. तेव्हापासून मीही घरात येरझाऱ्या घालतोय.

पण ओळ गाळू नकोस. त्या दगडावर आईच्या नावाचीही जागा राखली आहे. तिला न विचारता ठरवणारे आपण कोण? सरळ विचार तिला. रागावलीस तरी चालेल, पण पत्र धाड.

तुझा,
मर्ल

ऑस्बर्ग
१० जून

चि. मर्ल यास, अ. आ.

विचारलं. आई वाटाणे सोलत होती, हात थांबले नाहीत. पहिलीचं नाव गुड्रुन. लग्नानंतर लवकरच तिचं डोकं फिरलं, सरकारी इस्पितळात ठेवावं लागलं. काडीमोड मिळेना. बाबा तिला भेटायला जायचे, तेव्हा आई तिच्यासाठी लोणी लावून लेफ्सेच्या बटाट्याच्या पोळ्या बांधून द्यायची. गुड्रुन वारल्यावर दोघं नदीपलीकडे जाऊन लग्न करून आले, कारण इकडे सगळ्यांना ते आधीच झालंय असं वाटत होतं.

मग तारीख कोरायचा हट्ट कशाला, असं मी जरा चिडूनच विचारलं. तेव्हा म्हणाली, तोंडानं सांगवत नव्हतं गं, वाटलं तूच शोधशील. तू भलत्याच कचेऱ्या पालथ्या घालत होतीस आणि माझा जीव खालीवर होत होता.

काल दगड बसला, तारखेसकट. प्रार्थनेनंतर सगळ्या बायका जमल्या. पाद्र्यांच्या बायकोनं वाकून वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, कोरणाऱ्यानं साल चुकवलेलं दिसतंय. आईनं माझा दंड घट्ट धरला.

मी म्हणाले, साल बरोबर आहे. त्या लग्नाला मी होते.

लोभ आहेच, या उन्हाळ्यात येऊन तो दाखव.

तुझी,
ताई