आमच्या ज्वारीचं हायपोथेटिकल प्रोटीन

६ जानेवारी २०१९, रविवार
आजपासून रोजनिशी. पुढे संशोधनाचा इतिहास लिहायची वेळ आली तर तारखा हाताशी असाव्यात.
यंदाच्या दुष्काळात नेकनूर भागातली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. पण सुभद्राबाईच्या वावरात बांधालगत आठ ओळी हिरव्यागार, कणसं बाहेर पडलेली. बियाणं तिच्या घरचं, जुनं. बांधावर दहा मिनिटं नुसता उभा राहिलो. मग एकच शब्द सुचला. डीएनए.
मी बियाणे सहकारी संस्थेचा सचिव. बीएस्सीची दोन वर्षं झालेली. योग्य माणूस योग्य बांधावर.

८ जानेवारी
पुतणी शिवकन्या परभणीला बायोटेकमध्ये एमएस्सी करते. तिला फोन. ती म्हणाली, पान पाठवा, पण डीएनए वाचून व्हायला दोन-तीन महिने जातील. तोवर नोंद कशी असते ते कळावं म्हणून डेटाबेसमधली कुठल्यातरी ज्वारीची एक नोंद पाठवते, ती बघा.
पान वर्तमानपत्रात गुंडाळून एसटीने रवाना. संध्याकाळी लिंक आली. एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं.

९ जानेवारी, सकाळी ९
नोंद उघडली. पहिल्याच ओळीत १५४२ बीपी. छातीत धस्स झालं. शिवकन्येने सांगितलं की हे ब्लडप्रेशर नाही, बेस पेअर. म्हणजे अक्षरांच्या जोड्या. म्हणजे लांबी. मला अंदाज होताच, खात्री केली.
ॲक्सेशन नंबर म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर. दुरुस्ती झाली तरी नंबर तोच, फक्त पुढे टिंब देऊन एक, दोन. हे सगळं सोपं आहे. लोक उगाच पीएचडी करतात.

११ जानेवारी
नोंदीच्या तळाशी 'ओरिजिन' असा मथळा. ओरिजिन म्हणजे मूळ गाव. घाईने खाली गेलो तर नुसती ए, सी, जी, टी. साठ-साठ अक्षरांच्या सव्वीस ओळी. गावाचं नाव सांकेतिक भाषेत दिलंय, उघड आहे. मधे कुठे कुठे एन. नेकनूर.
शिवकन्येचं म्हणणं, एन म्हणजे तिथलं अक्षर मशीनला वाचता आलं नाही. तिच्या मताचा आदर आहे.
संकल्प: रोज दोन ओळी पाठ. तेरा दिवसांत नोंद तोंडपाठ.

१२ जानेवारी
अर्धी ओळ झाली. बायकोने, मनकर्णाने, विचारलं की हे कोणत्या देवाचं आहे. पुढचं विसरलो. दोष तिचा.

१५ जानेवारी, संक्रांत
सणामुळे पाठांतर स्थगित. पण मोठा शोध. नोंदीत 'प्रॉडक्ट'च्या पुढे लिहिलंय: हायपोथेटिकल प्रोटीन.
साधं प्रोटीन डाळीतही असतं. हे हायपोथेटिकल आहे. हाय म्हणजे उच्च, एवढं इंग्रजी येतं. दुष्काळ कोणी अडवला ते कळलं.
शिवकन्येला विचारणार होतो, पण तिची परीक्षा. पोरीला त्रास नको.

२० जानेवारी, रविवार
संचालक मंडळाची बैठक. निम्मे संचालक ऊसतोडीला, उरलेले चौघे हजर. मी पाऊण तास बोललो. चेअरमन आप्पाराव मधे मधे मान डोलावत होते. डुलकी असेल असं मला वाटत नाही.
ठराव एकमताने: बियाणं 'हायपोथेटिकल' या नावाने विकायचं. पाचशे पिशव्या छापायच्या. कृषी अधिकाऱ्यांना बोलवायचं, त्यांनी शिफारस केली तर संस्थेला बियाण्याचं गोदाम मिळेल. तीन वर्षं अर्ज पडून आहे.
सुभद्राबाईचं नाव पिशवीवर टाकावं का, असं आप्पारावांनी विचारलं. जागा नव्हती. माझं टाकलं.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर शाळेत भाषण. 'हायपोथेटिकल' सगळ्या पोरांकडून तीनदा म्हणवून घेतलं. टाळ्या. कृषी अधिकारी साहेब दहा फेब्रुवारीला येतो म्हणाले.

८ फेब्रुवारी
शिवकन्या सुट्टीला आली. पिशवी बघून ओट्यावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग जवळ येऊन हळू म्हणाली, "काका, हायपोथेटिकल म्हणजे नुसता अंदाज. असं प्रोटीन असावं, असं कॉम्प्युटरला वाटतं. ते करतं काय, कोणालाच माहीत नाही."
शिवाय ती नोंद सुदानातल्या ज्वारीची. आमचं पान अजून तिच्या फ्रीजरमध्ये.
जेवलो नाही. (नंतर थोडं जेवलो.)

९ फेब्रुवारी
खरी नोंद करायची तर नमुना कुठला, कोणी जपला, पाणी किती, हे लागतं म्हणून शिवकन्या मला घेऊन सुभद्राबाईकडे गेली. बाई खुरपं ठेवून आम्हाला वावरात आत घेऊन गेली. मी पहिल्यांदाच आत गेलो. नवव्या ओळीपासून सगळी ज्वारी वाळलेली. बियाणं तेच.
"पान्याचा टँकर हितंच बांधाला हुबा ऱ्हातो," ती म्हणाली. "त्याचा कॉक गळतो. वाया जातंय म्हनून म्या चारी मारली अन् पाणी आत घेतलं. आट वळीच भिजत्यात."
हे आधी का सांगितलं नाही, असं विचारलं.
"तू लई खुशीत व्हतास. म्हनलं, खुशी कशाला मोडा."
गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं म्हणे. साहेबांना 'येऊ नका' असा फोन करायचं ठरवलं. रेंज नव्हती. फार वेळ शोधलीही नाही.

१० फेब्रुवारी, रविवार
साहेब आले. सुभद्राबाईने बांधावर आगटी पेटवून आठ ओळींचा हुरडा भाजला. चटणी, दही, गूळ. असा हुरडा यंदा तालुक्यात कुठे नाही, हे साहेब स्वतः म्हणाले. मग त्यांनी जीनबद्दल विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, संशोधन चालू आहे.
तेवढ्यात टँकर आला आणि बांधाला लागून उभा राहिला. साहेबांनी गळणारी धार बघितली, चारी बघितली, आठ ओळी मोजल्या. मी तोंडात हुरडा भरला.
साहेब हसले नाहीत. म्हणाले, गळक्या पाण्यावर कणसं आणणारं माणूस ज्या गावात आहे, त्या गावाला गोदाम द्यायला हरकत नाही. डायरी काढून चारी कोणी काढली ते विचारलं आणि सुभद्राबाईचं नाव इंग्रजीत लिहून घेतलं.
स्पेलिंग मी सांगितलं.